दाजी म्हणतात फुल फ्रेम, मित्र म्हणतो छोटा सेन्सर

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात:

यावल तालुक्यातल्या एका २८ वर्षांच्या वाचकाचं पत्र आहे. घरी केळी. स्वतः काही वर्षांपासून भुसावळला दाजींच्या स्टुडिओत लग्नाच्या ऑर्डरी शूट करतो. जवळ एक एपीएस-सी मिररलेस आहे, २४ मेगापिक्सेलची. (सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा भाग. इथे बोलणं तीन आकारांचं आहे: मोठा फुल फ्रेम, मधला एपीएस-सी, छोटा मायक्रो फोर थर्ड्स. फुल फ्रेमहून लहान तो 'क्रॉप'.) सोबत आलेली १८-५५ आणि नंतर घेतलेली एक स्वस्तातली टेलिझूम, एवढाच संसार. यंदा केळीचे पैसे बरे आले, वडील पावणेदोन लाख द्यायला तयार आहेत आणि येत्या सीझनपासून त्याला स्वतःच्या नावावर ऑर्डरी घ्यायच्या आहेत. दाजींचं म्हणणं, "फुल फ्रेम घे, नाहीतर या धंद्यात उतरूच नको." हतनूर धरणावर पक्ष्यांमागे फिरणारा मित्र म्हणतो, "उलट अजून छोटा घे, मायक्रो फोर थर्ड्स. खांदे वाचतील." पक्ष्यांचा नाद त्यालाही आहे, आणि एकदा काठी गावची होळी टिपायची इच्छा आहे. तो लिहितो, "हळदीचे फोटो मळकट येतात. दुसऱ्या स्टुडिओची पोरं 'काय भो, अजून क्रॉपवरच?' म्हणून हसतात. आहे तो विकून टाकू का? आणि घ्यायचाच तर कोणता सेन्सर घेऊ, म्हणजे पुन्हा पुन्हा बदलावा लागणार नाही?"

उत्तर:

तुमच्या पत्रात कॅमेऱ्यांबद्दल बरंच आहे, फोटोंबद्दल एकच वाक्य आहे: "हळदीचे फोटो मळकट येतात." मी तिथूनच सुरू करते. पत्रात तुमचं स्वतःचं निरीक्षण तेवढंच आहे. बाकी दाजींचं मत, मित्राचं मत आणि त्या हसणाऱ्या पोरांचं मत.

आपल्याकडची हळद म्हणजे रात्रीचे नऊ-साडेनऊ. अंगणात मांडव, वर केशरी किंवा गुलाबी कापड. एका बाजूला डीजे आणि त्याचे एलईडी, गाणं बदललं की निळ्याचे जांभळे, जांभळ्याचे हिरवे होणारे. एखादा पांढरा फ्लडलाईट असतो, पण तो खांबावर, आणि बहुतेक वेळा नवरदेवाच्या पाठीमागे. आता नवरदेवाच्या गालावरची हळद पिवळी दिसते ती का? तर ती निळा प्रकाश शोषून घेते आणि बाकीचा परत पाठवते म्हणून. तिच्यावर नुसता डीजेचा निळा प्रकाश पडला, तर परत पाठवायला तिच्याकडे काही उरतच नाही. ती काळपट, राखाडी दिसणार. तिथे उभ्या असलेल्या माणसाचं डोकं "ही हळद आहे" हे जाणून असतं, म्हणून त्याला ते खटकत नाही. कॅमेऱ्याला मात्र हे कोणी सांगितलेलं नसतं.

हा तुमचा मळकटपणा. त्यातला मोठा भाग तरी नक्कीच. आणि त्याच्यापुढे सेन्सर छोटा असो की मोठा, काही फरक पडत नाही. जो रंग प्रकाशातच नाही, तो सेन्सर आणणार कुठून?

यावर उपाय म्हणजे आपला स्वतःचा पांढरा प्रकाश. एक बरा फ्लॅश, तो दुरून पेटवणारा एक ट्रिगर, एक स्टँड आणि पांढरी छत्री. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून नवरदेवाच्या तिरप्या बाजूला, डोक्याच्या जरा वर. फ्लॅश वर मारून छतावरून उसळवायची सवय असेल तर आधी मान वर करून कापड बघा. केशरी कापडावरून उसळलेला प्रकाश केशरी होऊनच खाली येतो, मग नवरी, करवली, आजी सगळ्या एकाच रंगाच्या. फोटो काढल्यावर स्क्रीनवर नवरदेवाच्या पांढऱ्या बनियनकडे बघा. बनियन पांढरी असेल तर हळद पिवळी आहे.

मग मोठ्या सेन्सरचा काहीच फायदा नाही का? आहे, आणि तो किती ते मोजता येतं. तुम्ही शेतकऱ्याघरचे आहात, म्हणून पावसाच्या हिशेबाने सांगते. रात्री २० मिलिमीटर पाऊस झाला, तर एका एकरातही २० मिलिमीटरच आणि अडीच एकरातही २० मिलिमीटरच. पण अडीच एकरात पडलेलं एकूण पाणी अडीच पट असतं. एक्स्पोजर म्हणजे हे मिलिमीटर. तोच अपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडं), तोच शटर (प्रकाश किती वेळ आत येतो) ठेवला तर सगळ्या सेन्सरांवर एक्स्पोजर सारखंच. फोटोतला नॉइज, म्हणजे दाणे, मात्र मुख्यतः एकूण पाण्यावर ठरतो, म्हणजे सेन्सरने सगळा मिळून किती प्रकाश गोळा केला त्यावर.

फुल फ्रेम ३६ × २४ मिलिमीटर, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. तुमचा एपीएस-सी साधारण २३.५ × १५.६, म्हणजे ३६६ च्या आसपास. कॅननचा त्याहून थोडा लहान. मायक्रो फोर थर्ड्स १७.३ × १३, म्हणजे २२५. तेव्हा फुल फ्रेमला तुमच्यापेक्षा सुमारे २.४ पट प्रकाश मिळतो, स्टॉपच्या भाषेत (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) सव्वा स्टॉप. मित्राच्या कॅमेऱ्याशी तुलना केली तर जवळजवळ दोन स्टॉप. सेन्सर एकाच पिढीचे असतील तर तुमच्या कॅमेऱ्यावर आयएसओ (प्रकाश कमी पडला की वाढवायचा आकडा) ३२०० ला जेवढे दाणे दिसतात, तेवढे फुल फ्रेमवर साधारण ६४०० ते ८००० च्या मध्ये दिसतील. दाजी म्हणतात ते खोटं नाही. फक्त त्या सव्वा स्टॉपची किंमत काय आणि तेवढाच प्रकाश दुसरीकडून किती स्वस्तात मिळतो, हे ते सांगत नाहीत.

तुमची १८-५५ घ्या. ५० च्या जवळ गेली की कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या बहुतेक किट झूम एफ ५.६ च्या पुढे उघडत नाहीत (एफचा आकडा जितका लहान, तोंड तितकं मोठं). त्याच जागी ५० मिलिमीटर एफ १.८ लावली तर प्रकाश साडेनऊ पटीहून जास्त, म्हणजे सव्वातीन स्टॉप. नवीन बॉडी देते सव्वा, आणि वीस-पंचवीस हजारांच्या घरातली एक प्राइम (झूम न होणारी लेन्स) देते सव्वातीन. हे गणित कागदावर मांडलं की दाजींशी वाद घालायची गरज उरत नाही.

याची दुसरी बाजू जास्त धोक्याची आहे. समजा तुम्ही सगळे पैसे फुल फ्रेम बॉडीत घातले आणि सोबत आलेल्या झूमवर भागवलं. ती झूम फुल फ्रेमवर एफ ५.६ ला अडकली, की फ्रेम, नॉइज आणि मागचा ब्लर या तिन्ही बाबतींत ती तुमच्या आजच्या कॅमेऱ्यावरच्या एफ ३.७ सारखी. आणि तुमच्या आजच्या कॅमेऱ्यावरची एफ १.८ ही फुल फ्रेमवरच्या एफ २.७ सारखी. म्हणजे पावणेदोन लाख खर्चून तुम्ही प्राइमवाल्या एपीएस-सीपेक्षा दोन स्टॉप मागे पडाल. हे गणित प्रत्येकाने स्वतः करून बघावं: एपीएस-सीवरची फोकल लेंथ (लेन्सचा मिलिमीटरचा आकडा) आणि एफ नंबर, दोन्हींना १.५ ने गुणायचं (कॅननला १.६ ने), मायक्रो फोर थर्ड्सला २ ने. दुकानदार फोकल लेंथला गुणून दाखवतात, एफ नंबरला गुणायला विसरतात.

आता एक काम सांगते, ते खरेदीच्या आधी करा. मागच्या सीझनमधले तुम्ही निवडून अल्बमला दिलेले फोटो कॉम्प्युटरवर घ्या. प्रत्येक फोटोत फोकल लेंथ, अपर्चर, शटर आणि आयएसओ नोंदलेलं असतं. लाईटरूममध्ये वरच्या फिल्टरपट्टीत हे एका नजरेत दिसतं, फुकटच्या सॉफ्टवेअरमध्येही दिसतं. निवडलेले फोटो मुख्यतः आयएसओ ८०० च्या आतले असतील, तर मोठा सेन्सर घेऊन तुमच्या अल्बमात काहीही बदलणार नाही. ३२०० च्या पुढचे बरेच असतील आणि अपर्चर सतत ५.६ दिसत असेल, तर अडचण लेन्सची आहे. आणि अपर्चर आधीच १.८ किंवा २ आहे, फ्लॅश लावता येत नव्हता, तरी आयएसओ ६४०० च्या वर गेला, असे फोटो खरोखर बरेच निघाले, तर मग फुल फ्रेम. तुमचं पत्र वाचून मला तिसरा प्रकार निघेल असं वाटत नाही, कारण एफ १.८ ची लेन्स तुमच्याकडे आजपर्यंत आलेलीच नाही.

नाकारलेले फोटोही चाळा. हललेले किती, फोकस मागच्या खांबावर गेलेले किती, डोळे मिटलेले किती. त्यातलं काहीच सेन्सरच्या आकाराने सुटत नाही.

दाजींचं म्हणणं मी झटकून टाकत नाहीये. इतकी वर्षं ऑर्डरी करणारा माणूस काही बघूनच बोलतो. पण मला वाटतं त्यांना जे मिळालं ते सगळं सेन्सरने दिलेलं नाही. फुल फ्रेम घेतल्यावर सोबत दोन कार्डांची सोय आली, मोठी बॅटरी आली, दोन डायल आले, हातात नीट बसणारी ग्रिप आली. लग्नाच्या कामात दोन कार्डांची सोय मी सेन्सरच्या वर धरते. अंतरपाट बाजूला होतो तो क्षण पुन्हा येत नाही. एका कार्डावर सगळी ऑर्डर आणि रात्री ते कार्ड उघडतच नाही, ही वेळ आली तर तिथे फुल फ्रेमचे पैसे उपयोगाला येत नाहीत. दोन कार्डं घेणाऱ्या बॉड्या एपीएस-सीतही आहेत, कॅननची आर७, फुजीफिल्मची एक्स-टी५ वगैरे. तुमच्या बॉडीला कार्डाची एकच खाच असेल तर माझ्या लेखी ती बदलायचं हे खरं कारण.

अल्बमचं म्हणाल तर, २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० × ४००० पिक्सेलचा असतो. १८ इंच रुंदीचं पान भरायला इंचाला ३३३ पिक्सेल मिळतात. दोन्ही पानांवर पसरलेला ३६ इंची फोटो केला तरी इंचाला १६६. मांडीवर अल्बम ठेवून बघणाऱ्या मावशींना सेन्सरचा फरक दिसत नाही. व्हॉट्सॲपवर तर दाण्यांसकट सगळं चुरगाळूनच जातं.

मागचं धूसर हवं असेल तर? कँडिड आणि प्री-वेडिंगला आजकाल सगळ्यांना ते हवं असतं. इथे फुल फ्रेम पुढे आहे हे खरं. पण एपीएस-सीवर ५६ मिलिमीटर एफ १.४ लावली की ती फुल फ्रेमवरच्या ८४ मिलिमीटर एफ २.१ सारखी वागते, आणि नवरीच्या पापणीवर फोकस ठेवून मागची झुंबरं वितळवायला तेवढं पुरतं. शिवाय लग्नात धूसरपेक्षा स्पष्ट जास्त लागतं. स्टेजवर सासरची मंडळी दोन रांगांत उभी असतात तेव्हा मागच्या रांगेतले मामा धूसर झाले तर फोन तुम्हालाच येणार. दोन्ही रांगा स्पष्ट यायला तुम्हाला एपीएस-सीवर एफ ४ लागत असेल, तर फुल फ्रेमवर एफ ६ ला जावं लागतं. तेवढा प्रकाश गेला, आयएसओ वाढला, सव्वा स्टॉपचा फायदा संपला. मोठ्या सेन्सरची ही बाजू दुकानात कोणी बोलत नाही.

जाता जाता एक गंमत. ३६ × २४ हे माप ऑस्कर बार्नाकच्या लायका कॅमेऱ्याने रूढ केलं, तो १९२५ मध्ये बाजारात आला. तेव्हा स्टुडिओवाले मोठ्या काचेच्या प्लेटांवर काम करायचे आणि त्यांच्या लेखी हे माप म्हणजे खेळणं होतं. आज ४४ × ३३ मिलिमीटरचे डिजिटल कॅमेरे विकत मिळतात, त्यांच्यापुढे दाजींचा कॅमेराही क्रॉपच. हसणाऱ्या पोरांना हे सांगायला हरकत नाही.

आता तुमच्या मित्राकडे वळू. पक्ष्यांच्या बाबतीत त्याचं म्हणणं मला बरंच पटतं, पण केवळ त्याने सांगितलेल्या कारणासाठी नाही.

हतनूरच्या पाण्यावर हिवाळ्यात बदकं उतरतात ती काठापासून लांब. तिथे फ्रेम कधीच भरत नाही, तुम्ही नंतर कापता. समजा तुमच्याकडे एकच ४०० मिलिमीटरची लेन्स आहे. ती २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर लावली आणि नंतर फोटो एपीएस-सीच्या चौकटीएवढा कापला, तर हातात साडेदहा मेगापिक्सेलच उरतात. तीच लेन्स तुमच्या आजच्या कॅमेऱ्यावर लावली तर त्याच चौकटीत पूर्ण २४. कापाकापी झाली की मोठ्या सेन्सरचा नॉइजमधला फायदाही जातो, कारण बदकाकडून आलेला प्रकाश तेवढाच होता, बाकीचा सेन्सर नुसतं पाणी टिपत होता. ४५ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर हे चित्र सुधारतं, पण ती तुमच्या बजेटमध्ये नाही.

वजनाचंही त्याचं खरं आहे. मायक्रो फोर थर्ड्सची १००-३०० अर्ध्या किलोच्या आसपास भरते. फुल फ्रेमवर तेवढंच जवळ आणायला २००-६०० लागते, ती दोन किलोची. पण ही बचत फुकट मिळत नाही. ६०० एफ ६.३ चं तोंड सुमारे ९५ मिलिमीटर उघडतं, ३०० एफ ५.६ चं ५३-५४. त्या पक्ष्याकडून येणारा प्रकाश मोठी लेन्स तिपटीहून जास्त गोळा करते. हतनूरच्या सकाळच्या उन्हात ही तूट जाणवणार नाही. ढगाळ संध्याकाळी झाडीत जाणवेल.

आपल्या सातपुड्याचं भाग्य असं की इथला सगळ्यात नावाजलेला पक्षी दिवसा वावरतो. रानपिंगळा १८८४ नंतर कोणाला खात्रीने सापडलाच नव्हता. १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला. पानगळीच्या सागाच्या जंगलात, उघड्या फांदीवर, उन्हात बसणारं घुबड. त्याच्यासाठी अंधारात चालणाऱ्या महागड्या सेन्सरची गरज नाही, लांब लेन्स आणि शांत बसायची तयारी हवी. मोबाईलवर आवाज वाजवून त्याला बोलावू नका आणि ढोलीजवळ जाऊ नका. सल्ला सदरात हे मागितलं नव्हतं, तरी सांगते.

म्हणून पक्ष्यांसाठी तुम्हाला नवा कॅमेरा नको. आहे त्या एपीएस-सीवर कधीतरी एक १००-४०० किंवा १५०-६०० येऊ द्या, सेकंडहँड आली तरी चालेल. मित्राचा कॅमेरा हा पक्षी आणि प्रवासासाठी उत्तम आहे, पण तुमची कमाई हळदीच्या रात्री होते. तिथे क्षेत्रफळाने आणखी १.६ पट छोट्या सेन्सरकडे जाण्यात मला अर्थ दिसत नाही. त्या कॅमेऱ्यांचं स्टॅबिलायझेशन जबरदस्त असतं, देवळातला थांबलेला गाभारा हातात धरून टिपता येतो. पण स्टॅबिलायझेशनने तुमचा हात स्थिर होतो, नाचणारी वरात होत नाही.

एकच जागा अशी आहे जिथे मी फुल फ्रेमच्या बाजूने उभी राहीन, आणि ती काठीची होळी. अक्कलकुवा तालुक्यातली ही आदिवासींची राजवाडी होळी रात्रभर जागते आणि पहाटे पेटते. मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरू, ढोलावर धरलेला फेर. नाचणाऱ्याचा पाय थांबवायला शटर १/२५० सेकंदापेक्षा हळू नेता येत नाही. फ्लॅश मारायचा नाही: तो त्यांचा सण आहे, आपला सेट नाही, आणि फ्लॅशने ती रात्रही मरते. अशा वेळी एफ १.८ उघडून आयएसओ ६४००-१२८०० ला जावं लागतं आणि तिथे सव्वा स्टॉप जाणवतो. पण ही वर्षातली एक रात्र. त्या दोन दिवसांसाठी बॉडी भाड्याने घ्या, किंवा दाजींकडून मागा. होळीला लग्नाची मोठी ऑर्डर सहसा नसते.

आता पैशांचं. पहिला प्रश्न माउंटचा, म्हणजे लेन्स बसते त्या कड्याचा आहे, आणि पत्रात तुम्ही तो लिहिलेला नाही. दाजींचा फुल फ्रेम आणि तुमचा एपीएस-सी एकाच माउंटचे आहेत का? सोनी ई, कॅनन आरएफ किंवा निकॉन झेड असेल तर फुल फ्रेमच्या लेन्स छोट्या बॉडीवर बिनधास्त चालतात. मग दाजींची ८५ तुमच्या बॉडीवर लागेल, तुमची प्राइम त्यांच्या. असं असेल तर ज्या लेन्स घ्याल त्या शक्यतो फुल फ्रेमला चालणाऱ्या घ्या, उद्या बॉडी बदलली तरी लेन्स राहतात. फक्त रुंद लेन्स मात्र एपीएस-सीचीच घ्या. फुल फ्रेमची २४ मिलिमीटर तुमच्याकडे ३६ सारखी होते आणि मांडवात मागे सरकायला जागा नसते. माउंट वेगळे असतील, किंवा फुजीफिल्मसारखं असेल जिथे त्याच माउंटवर फुल फ्रेम नाहीच, तर "आधी हा, मग तो" हा विचार सोडून द्या आणि एपीएस-सीतच नीट स्थिरावा. तिथे धंदा करणारे थोडे नाहीत.

मी तुमच्या जागी असते तर पावणेदोन लाखांतले पहिले पैसे दोन फ्लॅश, ट्रिगर, स्टँड, छत्र्या यांवर घातले असते. मग एक ५० किंवा ५६ च्या आसपासची प्राइम. मग एपीएस-सीसाठी बनवलेली एफ २.८ ची झूम, १७-५० च्या पट्ट्यातली, ती किट लेन्सच्या जागी. फुल फ्रेमची कंपनीची २४-७० एफ २.८ एकटीच लाखाच्या पुढे जाते, एपीएस-सीची त्याच्या बऱ्याच खाली मिळते. आणि मग दुसरी बॉडी: त्याच माउंटची, दोन कार्डांची, सेकंडहँड चालेल. दुसरी बॉडी हवीच. स्वतःच्या नावावर ऑर्डर घेतली की "कॅमेरा बंद पडला" हे वाक्य तुम्हाला बोलता येणार नाही, आजवर तिथे दाजींची बॉडी होती. हे सगळं होऊनही थोडे पैसे उरावेत. अल्बम प्रेसला आगाऊ द्यावे लागतात आणि पार्टी शेवटचा हप्ता अल्बम हातात पडल्याशिवाय देत नाही.

"पुन्हा बदलावा लागणार नाही" असा कॅमेरा मागितलात. तसा नसतो. लेन्स दहा वर्षं टिकते, स्टँड त्याहून जास्त, बॉडी चार-पाच सीझन. म्हणून बॉडीवर सगळ्यात कमी खर्च करा.

हे वाचणारे सगळेच लग्नवाले नाहीत, त्यांच्यासाठी थोडं. घरातली मुलं आणि सहली एवढंच टिपायचं असेल, तर एपीएस-सी आणि एक प्राइम, इथेच थांबा. चालत फिरणाऱ्यांना, तोरणमाळला पाठीवर बॅग टाकून जाणाऱ्यांना मायक्रो फोर थर्ड्स. फुलं-किडे जवळून काढणाऱ्यांना छोटा सेन्सर सोयीचाच, पुढे-मागे जास्त भाग स्पष्ट येतो. व्हिडिओवाल्यांनी सेन्सरआधी उष्णतेचं बघावं. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि छोट्या बॉड्या उन्हात फोरके चालवताना तापून बंद पडतात. ज्या बॉडीबद्दल विचार करताय ती भर दुपारी सावलीबाहेर अर्धा तास चालवून बघा, मगच घ्या.

सेकंडहँड घेताना बिल आणि सीरियल नंबर जुळवा, शटर काउंट (आजवर किती फोटो काढले) विचारा. एफ १६ ला कोऱ्या आकाशाचा फोटो काढून मोठा करून बघा, सेन्सरवरचे डाग तिथे दिसतात. फुंकणीने हवा मारल्यावर हलणारे डाग म्हणजे धूळ, ती साफ होते. तरीही न हलणारा ओरखडा असेल तर नमस्कार करून निघा. दोन्ही कार्डांच्या खाचा वापरून बघा, फक्त बघून नाही, दोन्हीत फोटो साठवून.

दाजींना काय सांगायचं, हा खरा अवघड भाग दिसतो मला. कॅमेरा न घेणं म्हणजे त्यांचा सल्ला नाकारणं असं त्यांना वाटू देऊ नका. तुमच्या आयएसओची ती यादी घेऊन त्यांच्याच स्टुडिओत बसा, त्यांच्या अल्बममधले फोटोही तसेच उघडा, आणि कुठले फोटो फुल फ्रेममुळेच आले ते त्यांनाच दाखवायला सांगा. काही नक्की निघतील. ते नीट बघा. मग विचारा, वर्षातून चार-सहा ऑर्डरींना त्यांची दुसरी बॉडी भाड्याने द्याल का. भाडं द्या, नात्यातलं म्हणून फुकट घेऊ नका. ऑर्डरीच्या हिशेबात ते आधीच धरा. हळदीच्या लाईटचे पैसेही कोटेशनमध्ये वेगळे लिहा. "लाईटसह" असं लिहिलेलं वाचून पार्टी नाही म्हणत नाही, बहुतेक वेळा विचारते की मग संगीतलाही लावणार का.